नोंदीखालची सही

ज्ञानकोश म्हटले की आपण त्याचे खंड मोजू लागतो. किती पाने, किती नोंदी, किती लेखक, किती वर्षे लागली. छापील ज्ञानकोशांचा काळ सरला आणि ज्ञान मोबाईलच्या पडद्यावर आले, याचे कोणी कौतुक करतो, कोणी हळहळतो. दोन्ही स्वाभाविक आहे. परंतु या साऱ्या हिशेबात एक प्रश्न बाजूला राहतो आणि तो नीतीचा आहे. एखाद्या माणसाविषयी, गावाविषयी, धर्माविषयी किंवा जमातीविषयी 'हे असे आहे' असे चार ओळींत सांगण्याचा अधिकार कोणाचा? आणि सांगून झाल्यावर त्या चार ओळींची जबाबदारी कोणी घ्यायची?

कादंबरी वाचताना वाचक लेखकाशी भांडतो. वर्तमानपत्र वाचताना तर तो आधीच संशय घेऊन बसलेला असतो. ज्ञानकोशाशी मात्र सहसा कोणी भांडत नाही. तिथे आपण विचारायला जातो आणि मिळाले ते उत्तर घेऊन परत येतो. शाळेतला मुलगा ते वहीत उतरवतो, वक्ता भाषणात वापरतो, अधिकारी अहवालात घालतो. म्हणून कोशातली एक ओळ शंभर लेखांपेक्षा दूर जाते. ती खरी असेल तर तिचे पुण्य मोठे, आणि खोटी किंवा अपुरी असेल तर तिचे पापही तेवढेच मोठे.

आमचे उंब्रज कराड तालुक्यातले. कृष्णा आणि तारळी यांचा संगम इथे होतो. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून जातो. चाफळ-पाटणकडे जाणारा माणूस इथे वाट बदलतो. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजचा. आता कोणी सांगितले की या गावाची नोंद चार ओळींत लिहा, तर काय लिहावे? एक जण संगम आणि मारुती लिहील. दुसरा महामार्ग आणि बाजारपेठ लिहील. तिसरा लोकसंख्या, शाळा, साखर कारखान्यांना जाणारा ऊस लिहील. तिघांचेही खरे. परंतु तिघांच्याही नोंदीत गावातल्या मुसलमानाचे एक घर, एक दुकान, एक कबर येईलच असे नाही. नोंद लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असण्याचीही गरज नाही. त्याला ते आठवले नाही, एवढेच. एकही शब्द खोटा न लिहिता अन्याय करता येतो, तो असा. चार ओळींत काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हा निवाडा आहे, आणि जिथे निवाडा आला तिथे नीती आली.

कोणी सांगितले?

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. पैगंबरांच्या निधनानंतर त्यांच्या नावावर हजारो वचने फिरू लागली. काही खरी, काही सांगोवांगी, काही हेतुपुरस्सर रचलेली. तेव्हा विद्वानांनी एक शिस्त घालून घेतली. नुसते वचन चालणार नाही, ते कोणाकडून कोणाकडे आले ती साखळी सांगा. तिला इस्नाद म्हणतात. मग त्या साखळीतला प्रत्येक माणूस तपासला गेला. तो कुठला, केव्हाचा, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटणे शक्य होते का, त्याची स्मरणशक्ती कशी, सचोटी कशी. या तपासणीतून हजारो निवेदकांचे चरित्रकोश तयार झाले. जे वचन या कसोटीला उतरले ते 'सहीह', जे उतरले नाही ते 'जईफ'. इसवी सन ८७० मध्ये निवर्तलेल्या इमाम बुखारींचा संग्रह याच नावाने ओळखला जातो.

हाच अरबी 'सहीह' शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि 'सही' झाला. मराठीत आपण त्याचा अर्थ स्वाक्षरी असा करतो. मला हे अर्थांतर फार बोलके वाटते. मूळ अर्थ अचूक, निर्दोष. मराठी अर्थ, कागदाखाली आपले नाव घालून 'हे माझे, याला मी जबाबदार' असे कबूल करणे. कागद, कलम, शाई, दौत, दप्तर, मजकूर, तारीख, नक्कल असे लिहिण्या-ठेवण्याचे कितीतरी शब्द मराठीने अरबी-फारसीतून घेऊन घरचे केले. त्या सगळ्यांत 'सही' हा शब्द मला ज्ञानकोशाच्या नीतीचा गाभा वाटतो.

बगदादच्या इब्न नदीम या ग्रंथविक्रेत्याने ९८७ साली 'अल-फिहरिस्त' हा ग्रंथ सिद्ध केला. त्या काळी अरबीत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची आणि ग्रंथकारांची ती विषयवार नोंदवही होती. त्यात केवळ मुस्लिम ग्रंथकार नाहीत. ख्रिस्ती, ज्यू, मानी पंथाचे, ग्रीक तत्त्वज्ञ, हिंदुस्थानचे धर्म यांनाही त्याने जागा दिली. आणि जिथे माहिती मिळाली नाही तिथे मोकळी जागा सोडली, पुढच्याने भरावी म्हणून. त्याच्या ग्रंथातल्या भरलेल्या ओळींइतकाच मला त्या मोकळ्या जागांचा आदर वाटतो. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे न लिहिणे ही कोशकाराची पहिली सचोटी.

वाईची वाट

मराठी ज्ञानकोशाचा इतिहास सांगायचा तर सातारा जिल्ह्यात राहणाऱ्याला फार लांब जावे लागत नाही. परंतु सुरुवात नागपूरला आणि पुण्याला झाली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा घाट घातला. राजाश्रय नव्हता. त्यांनी त्यासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळवले. मराठी माणसाने विश्वज्ञानासाठी पदरचे पैसे घालावेत, ही कल्पनाच त्या काळी अचाट होती. १९२० पासून प्रस्तावनाखंड निघू लागले आणि त्या दशकात तेवीस खंडांचे काम तडीला गेले. केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई मूळच्या जर्मन ज्यू घराण्यातल्या, माहेरच्या एडिथ कोह्न. परक्या देशातून, परक्या धर्मातून आलेली ही स्त्री मराठी कोशकाराच्या संसारात उभी राहिली. विंटरनित्स या विद्वानाचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला तोही त्यांनीच. १९३७ मध्ये केतकर गेले तेव्हा ज्ञानकोश होता, पैसा नव्हता.

केतकरांनी एक गोष्ट लपवून ठेवली नाही. इंग्रजी ज्ञानकोशाचे भाषांतर करून आपले भागणार नाही, कारण जगाकडे पाहायची त्यांची जागा वेगळी आणि आपली वेगळी, अशी त्यांची धारणा होती. पहिल्या खंडाचे नावच 'हिंदुस्थान आणि जग'. म्हणजे ज्ञानकोश कोणत्या तरी ओट्यावर बसूनच लिहिला जातो, हे त्यांना ठाऊक होते. लंडनच्या ओट्यावरून हिंदुस्थान जसा दिसतो तसा पुण्याच्या ओट्यावरून दिसत नाही. हा त्यांचा विचार बरोबर होता. मात्र तो पुढे नेला तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. पुण्याच्या ओट्यावरून उंब्रजचा तांबोळी, बागवान, आतार, मुलाणी कसा दिसतो? जो प्रश्न केतकरांनी इंग्रजांना विचारला, तोच प्रश्न महाराष्ट्रातला दलित, भटका, आदिवासी, मुसलमान मराठी कोशकाराला विचारू शकतो. त्यात कोणाचा अपमान नाही. केतकरांच्याच तर्काची ती पुढची पायरी आहे.

त्याआधीची आपली नोंद तर सरकारी होती. मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली निघाले. त्यातला साताऱ्याचा खंड १८८५ चा. पिके, पाऊस, रस्ते, बाजार यांच्याबरोबर तिथल्या जाती-जमातीही एकेक करून वर्णन केल्या गेल्या. कोण कष्टाळू, कोण आळशी, कोण नीटनेटका, असे शेरेही मारले गेले. आज अभ्यासकाला तो खजिना आहे, हे मान्य. पण ज्यांच्याविषयी ते लिहिले त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. त्यांच्यावर शेरा मारला गेला आणि त्यांना तो कधी कळलाच नाही. आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालावा तसे हे झाले.

स्वातंत्र्यानंतर, महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आमच्याच कराडचे, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे. मराठी विश्वकोशाचे काम वाईत सुरू झाले. प्राज्ञपाठशाळेत घडलेला, धर्मकोशाचे संपादन करणारा एक शास्त्री पदार्थविज्ञान, वैद्यक, अर्थशास्त्र आणि जगातल्या सर्व धर्मांचा कोश करायला बसला, ही घटना साधी नाही. परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आला, पहिला खंड १९७६ मध्ये. १९८० मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले. १९९४ मध्ये तर्कतीर्थ गेले. मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव आणि नंतरच्या संपादकांनी काम पुढे नेले. विसावा खंड पूर्ण व्हायला २०१५ साल उजाडले. अठरा हजारांहून अधिक नोंदी, आणि पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत एकोणचाळीस वर्षे.

या विश्वकोशातली एक रीत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. नोंद संपली की खाली लिहिणाऱ्याचे नाव असते. आडनाव आधी, मग नाव. बस, तेवढेच. पण त्या एका ओळीने नोंदीला धनी मिळतो. चुकले तर कोणाला विचारायचे ते कळते. हीच मराठी इस्नाद.

कागदाचे गुण, कागदाचे दोष

छापील कोशाचे सामर्थ्य त्याच्या स्थिरपणात होते. १९७६ मध्ये जे छापले ते आजही तसेच आहे. रात्रीतून कोणी बदलू शकत नाही. उद्या कोणी म्हणाला की असे लिहिलेच नव्हते, तर खंड उघडून दाखवता येतो.

तोच त्याचा दोषही होता. अकारविल्हे रचनेत नशीब अक्षरावर अवलंबून राहते. 'इ' आरंभी येते, म्हणून इराक, इराण, इस्लाम यांच्या नोंदी सुरुवातीच्या खंडांत गेल्या. त्यानंतर १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, पश्चिम आशियाचे सारे राजकारण पालटले, पण छापलेला इराण शहाच्याच राज्यात राहिला. याउलट 'संगणक' हा शब्द 'स' चा, म्हणून त्याला वाट पाहायला मिळाली आणि दरम्यान झालेली प्रगती पदरात पडली. संपादकांचा यात दोष नाही. कागदाचा स्वभावच तो.

दुसरा दोष पोहोचण्याचा. एका वाचनालयात मी विश्वकोशाचे खंड पाहत असे, ते काचेच्या कपाटात, कुलपाच्या आत. किल्ली ज्यांच्याकडे ते बहुधा जागेवर नसत. असले तर 'कशाला पाहिजे?' असे विचारत. खंडांच्या पानांचा कोरा वास गेला नव्हता. सार्वजनिक पैशाने तयार झालेले ज्ञान असे अनेक गावांत कपाटाची शोभा होऊन राहिले. ज्या शेतकऱ्याच्या, हमालाच्या, पिंजाऱ्याच्या मुलासाठी ते होते, त्याला काचेतून पाठीवरची सोनेरी अक्षरे दिसत.

आणि तिसरा दोष असा की छापील म्हणजे निर्दोष, हा आपला समज. फ्रान्समध्ये दिदरोने १७५१ पासून जो महान ज्ञानकोश काढला, त्याचा परवाना १७५९ मध्ये राजाज्ञेने रद्द झाला. तरी काम गुपचूप चालू राहिले. पण पुढे त्याच्या लक्षात आले की सरकारला भिऊन खुद्द मुद्रकाने, ल ब्रतोंने, छपाईच्या वेळी मजकुरातले तीक्ष्ण भाग त्याला न विचारता छाटून टाकले होते. नाव लेखकाचे, कात्री मुद्रकाची. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची पहिली आवृत्ती १७६८ ते १७७१ या काळात एडिंबरोला तीन खंडांत निघाली. तिने स्त्री या विषयाची बोळवण चार-सहा शब्दांत केली आणि वाचकाला मानवाच्या नोंदीकडे पाठवून दिले. १९१०-११ ची अकरावी आवृत्ती तर विद्वत्तेचा कळस मानली जाते. त्याच आवृत्तीत कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने गोऱ्यापेक्षा उणा असल्याचे शास्त्रीय थाटात लिहिले होते. जगातले सर्वांत विश्वासाचे पुस्तक, आणि त्यात हे.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने १९०९ मध्ये आफ्रिकी लोकांचा स्वतंत्र ज्ञानकोश करण्याचे स्वप्न पाहिले. पैसे कोणी देईना. नव्वदी ओलांडल्यावर, १९६१ मध्ये, एन्क्रुमांच्या निमंत्रणावरून तो त्या कामासाठी घानाला गेला आणि १९६३ मध्ये तिथेच मातीआड झाला. १९९९ मध्ये अप्पिया आणि गेट्स या दोन प्राध्यापकांनी ते स्वप्न ग्रंथरूपाने आणि सीडीवर पुरे केले. एका समाजाला आपली नोंद आपल्या हाताने लिहायला नव्वद वर्षे लागली.

पडदा आला, सही गेली

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत घडला. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एन्कार्टा हा ज्ञानकोश सीडीवर आणला. अमेरिकेत १९९० मध्ये ब्रिटानिकाचे सव्वा लाखाच्या आसपास संच विकले गेले होते, पण त्यानंतर तो खप कोसळला. २०१० ची बत्तीस खंडांची आवृत्ती शेवटची ठरली आणि २०१२ मध्ये ब्रिटानिकाने छपाई थांबवल्याचे जाहीर केले. दोनशे चव्वेचाळीस वर्षांची परंपरा संपली. गंमत अशी की तिला धक्का देणारा एन्कार्टाही २००९ मध्येच बंद पडला होता. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने दोघांनाही मागे टाकले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, महाराष्ट्र दिनाचा. केतकरांचा ज्ञानकोश मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने आंतरजालावर आणला. विश्वकोशही पुण्याच्या सी-डॅकच्या साहाय्याने तिथे आला, आणि नोंदी अद्ययावत करण्यासाठी विषयवार ज्ञानमंडळे नेमली गेली. काचेचे कपाट फुटले. उंब्रजच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या मुलीला आज कोणाकडे किल्ली मागावी लागत नाही. हा लाभ फार मोठा आहे. जे त्याला नाके मुरडतात त्यांनी कुलपाबाहेर उभे राहून पाहिलेले नसावे.

पण विकिपीडियावर नोंदीखाली सही नाही. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, हे त्याचे तत्त्व. त्याने सहीऐवजी दुसरी व्यवस्था केली आहे. प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो, प्रत्येक पानामागे चर्चेचे पान असते, विधानाला संदर्भ मागितला जातो. विचार केला तर ही इस्नादचीच एक तऱ्हा. 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकाने २००५ मध्ये विज्ञानाच्या बेचाळीस नोंदी तज्ज्ञांना तपासायला दिल्या, तेव्हा विकिपीडियात सरासरी चार आणि ब्रिटानिकात सरासरी तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तपासणीवर हरकत घेतली. तरी कागदावर छापले की बिनचूक हा भ्रम तेव्हा फुटलाच.

अडचण वेगळी आहे. जिथे लिहिणारे पुष्कळ आणि नाना मतांचे, तिथे चुका लवकर सुधारतात. मराठीत लिहिणारे थोडे. मुस्लिम मराठी लिहिणारे त्याहून थोडे. थोड्यांच्या हातात सर्वांची नोंद राहिली की दार उघडे असूनही घर रिकामेच राहते. इतिहासपुरुष, धर्म, जात यांवरच्या पानांवर रस्सीखेच चालते आणि जो जास्त वेळ दोर धरून ठेवतो तो जिंकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीचा आक्षेपार्ह मजकूर काढावा म्हणून महाराष्ट्र सायबर विभागाला विकिपीडियाच्या संस्थेला नोटीस पाठवावी लागली. त्या प्रकरणातली बाजू कोणतीही घ्या, एक गोष्ट दिसते. नोंद हा विषय आता विद्वानांच्या खोलीतला राहिलेला नाही. तो रस्त्यावर आला आहे.

आणि गेल्या काही वर्षांत तर आणखी एक पायरी ओलांडली गेली. आता प्रश्न विचारला की यंत्रच अस्खलित मराठीत उत्तर देते. छापील कोशात लेखकाचे नाव होते. विकिपीडियात निदान बदलांचा इतिहास होता. या उत्तरामागे कोण, त्याने कोणाकडून ऐकले, ती साखळी बहुधा दिसतच नाही. हदीसच्या तपासनिसांना विचारले असते तर त्यांनी असे वचन हाती धरले नसते. वचन सुंदर आहे, पण निवेदक कोण? हा प्रश्न विचारणारा वाचक राहिला नाही, तर बाराशे वर्षांपूर्वी माणसाने महत्प्रयासाने शिकलेली एक सवय आपण फुकट घालवली असे होईल.

चेहरा ओळखू यावा

मग उपाय काय? एक सोपे उत्तर समोर येते. ज्याची नोंद त्यानेच लिहावी. मुसलमानांवर मुसलमानाने, लिंगायतांवर लिंगायताने, कैकाड्यांवर कैकाड्याने. वरवर पाहता हा न्याय वाटतो. पण तसे केले तर कोशाचे रूपांतर मानपत्रांच्या संग्रहात होईल. प्रत्येक जण आपल्या आजोबांचा फोटो स्वच्छ पुसून लावील. आपल्यातल्या दोषांची, आपल्या स्त्रियांवर झालेल्या अन्यायाची, आपल्यातल्या उच्चनीचतेची नोंद कोण करील? हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांचे प्रश्न समाजातल्या अनेकांना बोचले. समाजाने मते घेऊन आपली नोंद लिहिली असती तर त्यांचे नाव तिच्यात राहिले असते का, याची मला शंका आहे. आणि जी नोंद दलवाईंना वगळते, ती आमच्याविषयी असली तरी खरी नव्हे.

शिवाय अनुभव उलटही सांगतो. शेख महंमद, शाह मुंतोजी, शाह मुनी अशा कवींवर 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक लिहिले ते रा. चिं. ढेरे यांनी. सूफी संप्रदाय मराठी वाचकाला समजावून दिला सेतुमाधवराव पगडींनी. फार्शी-मराठी कोश १९२५ मध्ये सिद्ध केला माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी. दुसऱ्या बाजूने संतसाहित्य आणि महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनात डॉ. यू. म. पठाण यांनी आयुष्य वेचले आणि १९९० च्या पुण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. यांपैकी कोणी आपल्या घरची नोंद लिहीत नव्हते. शेजारच्या घराची लिहीत होते, आणि त्या घरातल्यांना ती आपली वाटली.

तेव्हा कसोटी जन्माची नको, दुसरी हवी. ती एक हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनीने घालून दिली आहे. गझनीच्या महमूदाच्या स्वाऱ्यांचा तो काळ. दोन समाजांत रक्त सांडत होते. अशा काळात हा माणूस संस्कृत शिकला, पंडितांजवळ बसला, ग्रंथ वाचले आणि १०३० च्या सुमारास हिंदूंच्या धर्म, तत्त्वज्ञान, गणित, ज्योतिष यांवर आपला ग्रंथ लिहिला. आरंभीच त्याने भूमिका सांगितली की हा वादाचा ग्रंथ नाही, हिंदूंचे म्हणणे ते जसे मांडतात तसे मी वाचकापुढे ठेवणार. त्याला सर्व पटले असे नाही. जिथे पटले नाही तिथे त्याने तसे म्हटलेही. पण आधी दुसऱ्याचे म्हणणे दुसऱ्याच्या शब्दांत मांडले आणि मग आपले. विजेत्याच्या दरबारातल्या माणसाने हे करावे, यात ज्ञानाची सारी नीती आली.

यातून मी कसोटी अशी काढतो. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याने ती वाचली तर त्याला तिच्यात आपला चेहरा ओळखू आला पाहिजे. तो चेहरा त्याला आवडलाच पाहिजे असे नाही. आरशात व्रण दिसला म्हणून आरसा खोटा ठरत नाही. पण आरशात परक्याचाच चेहरा दिसला तर तो आरसा फोडावासा वाटतो, आणि समाजासमाजांत आज जे फुटते आहे त्यातले बरेचसे असेच फुटते आहे. म्हणून दोन्ही बाजूंवर जबाबदारी येते. लिहिणाऱ्याने ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्या दारात जाऊन बसावे, त्याला विचारावे, त्याचे म्हणणे आधी मांडावे. आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याने न आवडणारी पण खरी ओळ सोसायला शिकावे.

आपल्या वाट्याचे काम

आपण मुस्लिम मराठी लेखक एक तक्रार वर्षानुवर्षे करीत आलो. मराठीच्या इतिहासात, कोशांत, पाठ्यपुस्तकांत आपली नोंद नाही, किंवा आहे ती अपुरी. छापील काळात ही तक्रार करण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण कोशाच्या दारावर संपादक बसलेला होता आणि आपण त्याच्या निमंत्रणाची वाट पाहत होतो. आज ते दार सताड उघडे आहे. आता तीच तक्रार तेवढ्याच हक्काने करता येणार नाही. माझ्या गावातला ताबूत, उरूस, पीर, तिथे नवस बोलणारे हिंदू कुटुंब, लग्नात म्हटली जाणारी दखनी गाणी, सिकलगाराची आणि पिंजाऱ्याची लुप्त होत चाललेली हत्यारे आणि त्यांची नावे, मराठी माध्यमात शिकलेल्या मुस्लिम मुलींची पहिली पिढी, यांपैकी कशाची नोंद आपण केली? दिवाळी अंकात एखादा हळवा लेख लिहिला म्हणजे नोंद झाली असे नाही. नोंदीला तारीख लागते, ठिकाण लागते, सांगणाऱ्याचे नाव लागते. ते काम कंटाळवाणे आहे. त्यात टाळ्या नाहीत. ज्या म्हाताऱ्यांना हे सारे ठाऊक आहे ते दरवर्षी कमी होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर साखळीची पहिली कडीच जाते. एकदा ती गेली की पुढे कितीही संगणक जोडले तरी ती परत येत नाही.

म्हणून प्रत्येक गावातल्या लिहित्या माणसाने निदान आपल्या गावाची एक नोंद करावी, असे मला वाटते. तीत मारुतीही यावा आणि पीरही यावा. जे ठाऊक नाही तिथे इब्न नदीमसारखी मोकळी जागा सोडावी. जे बोचणारे आहे ते गाळू नये. कोणाकडून ऐकले ते लिहावे. ती विश्वकोशाच्या ज्ञानमंडळाकडे जावो, विकिपीडियावर जावो किंवा शाळेच्या वाचनालयात वहीच्या रूपाने राहो. आणि जिथे नियम आड येत नाही, तिथे तिच्याखाली स्पष्ट अक्षरांत आपली सही करावी, म्हणजे उद्या कोणी विचारले, 'हे कोणी सांगितले?', तर उत्तर द्यायला एक माणूस असेल.